बरकतीचा आठवा फोटो

जिला दोनशे पानांच्या पंगतीचा अंदाज नुसत्या नजरेनं घेता येतो, तिला एक पोरगी डब्यात बसवता येणार नाही होय? न यायला काय झालं! असं मी आमच्या ओट्यावर उभी राहून, कमरेवर हात ठेवून, निम्म्या लोणखेड्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले. आता पस्तावते. म्हणाले त्याचा पस्तावा नाही हं. एवढ्या मोठ्यानं म्हणाले, त्याचा!

झालं होतं असं. माझी नात जसोदा सोळाची झाली होती. खापर गावच्या हिंमतराव पाटलांचा मुलगा नवल बडोद्याला शाळेत मास्तर. स्थळ असं, की दिवा घेऊन शोधलं तरी सापडू नये! कूळ जुळलं, गण जुळले, सगळं जुळलं. पण मुलगा पडला बडोद्याचं पाणी प्यालेला. 'मुलगी पाहिल्याशिवाय हो म्हणणार नाही, निदान फोटो तरी पाठवा,' असं त्यानं बापाकडून लिहवलं. सुट्टी संपवून तो पुढच्या सोमवारी परत जाणार. त्याआधी फोटो पोचला नाही, तर हिंमतराव दुसरी मुलगी बघणार. आणि ती दुसरी मुलगी कोण? माझी धाकटी जाऊ कौसाबाई, तिची नात कमली! आमची भिंतीला भिंत. माझ्या चुलीवर काय शिजतंय ते वासावरून सांगणारी बाई ही! तिच्यापुढं मी हार खाऊ?

माझा मुलगा म्हणाला, "माय, नंदुरबारहून फोटोवाला बोलाई लेऊ."

"परका माणूस काळ्या फडक्यात डोकं खुपसून मन्ही नातकडे टक लावी? आनि वर म्हनी, बाई, हनुवटी वर करा? त्यानी हनुवटी मीच वर करसू!"

"मंग फोटो कोन काढी?"

"मी!"

डबा घरात आलेलाच होता. माझे जावई चुडामण धुळ्याला कचेरीत कारकून. बदली होऊन गेलेल्या कुठल्याशा साहेबाकडून त्यांनी एक काळा, चौकोनी डबा घेतला होता. त्याला पुढं एक डोळा, बाजूला एक किल्ली, मागं एक लाल काच. रविवारी ते घरी आले होते, तोच डबा बरोबर होता. म्हटलं, चला, गुरूही घरचा, डबाही घरचा!

पण आमच्यात सासू जावयासमोर येत नाही. आलीच तर पदर हनुवटीपर्यंत, आणि बोलणं तिसऱ्याच्या तोंडानं. त्यामुळं शाळा अशी भरली: जावई ओसरीत खुर्चीवर, मी दाराआड पाटावर, आणि उंबऱ्यावर डबा घेऊन जसोदा. ते तिचे फुवा, म्हणजे आत्याचे यजमान, मी तिची मोठी माय. फुवांनी टाकलेलं ती मला आणून द्यायची, मी टाकलेलं फुवांना.

"सांग तुझ्या मोठ्या मायला," जावई म्हणाले, "सूर्य पाठीमागे पाहिजे."

"मोठी माय, सूर्य पाठमांगे पाहिजे."

"कोन्हा पाठमांगे? फोटो काढनारनी का काढाई लेनारनी?"

"फुवा, कोन्हा पाठमांगे, ते मोठी माय इचारी ऱ्हायनी."

"काढणाऱ्याच्या! समोरच्याच्या तोंडावर उजेड पाहिजे. पाठीवर ऊन घेऊन उभा राहिला, की तोंड तव्यासारखं येतं."

सगळं असं उंबरा ओलांडत आलं. समोरचं माणूस सहा हातांवर पाहिजे. जवळ आलं तर नुसतं धुकं. डबा पोटाशी घट्ट धरायचा, श्वास रोखायचा, मग खटका दाबायचा. वरच्या काचेच्या बारीत, म्हणजे खिडकीत, जे डावीकडं दिसतं, ते खरं उजवीकडं असतं. एक फोटो झाला, की मागच्या लाल काचेत पुढचा आकडा येईपर्यंत किल्ली फिरवायची. विसरलात, तर एकावर एक दोन माणसं बसतील! असे फोटो आठ. आठवा काढला, की किल्ली अगदी सैल लागेपर्यंत फिरवत राहायची, मग सावलीत बसून डबा उघडायचा आणि गुंडाळी काढायची.

मला एवढ्यानं थोडंच पुरतंय! मी दाराआडून विचारलं, "डबाना आत काय शे?"

"आत काही नाही," जावई. "अंधार आहे."

"अंधारमा चित्र कसं निंघस?"

"उजेडानं."

"मंग अंधार कशाले?"

ओसरीतून खुर्ची करकरली. धुळ्याच्या कचेरीत असं कोणी विचारलं नसावं. मग म्हणाले, "बंद खोलीच्या दाराला बारीक भोक असलं, तर बाहेरचं चित्र आतल्या भिंतीवर उलटं पडतं..."

आणि मी पाटावरून ताडकन उठलेच! अहो, हे मी पाहिलं होतं! आठ वर्षांची होते. माहेरी कापसाच्या खोलीत भर दुपारी लपून बसले होते, दार लावून. दाराच्या फळीला गाठ निसटून भोक पडलेलं. समोरच्या भिंतीवर बघते तर काय, बैलगाडी चाललीय, बैलांचे पाय वर आणि शिंगं खाली! मी किंचाळत बाहेर आले. आईनं मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या आणि दोन धपाटे दिले. चाळीस वर्षं मला वाटत होतं, की ते भूत होतं. ते भूत नव्हतं हो, तो फोटो होता! मी डब्याच्याच पोटात बसले होते म्हणायचं! त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. सारखं त्या डब्याकडं पाहत होते. एवढीशी कापसाची खोली, आणि ती हातात धरून फिरवायची!

सोमवारी जावई धुळ्याला गेले. डबा ठेवून गेले. मंगळवारी सकाळी न्याहारी उरकली आणि मी पदर खोचला.

आता, पहिली भाकरी गाईची असते. तेव्हा पहिला फोटो गाईचाच! सहा हात मोजून उभी राहिले. पण गाईला वाटलं मी ढेप आणलीय. ती सहा हातांवरून आली एका हातावर आणि डबा हुंगायला लागली. तोवर मी खटका दाबला होता.

दुसरा तुळशीचा. देवाचं काम म्हणून उजव्या हातानं खटका दाबला आणि डाव्या हातानं नमस्कार केला. डबा कोणी धरला होता, ते मला विचारू नका.

तेवढ्यात भिंतीवरून कौसाबाईचं डोकं वर आलं. डोक्यामागोमाग आख्खी कौसाबाई आली.

"बाई, मन्हा बी काढ ना!"

"सूर्याकडे तोंड कर."

"ऊन डोयामा जास वं, बाई!" आणि उन्हाकडं पाठ करून उभी राहिली. म्हटलं, राहा! येऊ दे तव्यासारखं तोंड! तो तिसरा.

चौथ्याला मुलगा उभा राहिला. बारीत तो डावीकडं सरकलेला दिसला, म्हणून मी डावीकडं सरकले, तर तो निम्मा गेला! आणखी सरकले, तर नुसतं कोपर उरलं!

"माय, मी हालत नही शे, तूच हाली ऱ्हायनी!" तो ओरडला. मी म्हटलं, चूप, तुझ्या फुव्यानं नाही, तुझ्या मेहुण्यानं शिकवलंय मला! काय बोलत होते, माझं मलाच कळत नव्हतं.

पाचव्याला घरची सात माणसं एका रांगेत उभी केली. सगळ्यांचे पाय बारीत आले की नाही, ते मी नीट मोजून पाहिलं. चौदाच्या चौदा पाय आले! डोक्यांचं काही कोणी सांगितलं नव्हतं.

पण बायांनो, चार खापरपोळ्या फाटल्याशिवाय पाचवी साधत नाही. आता माझा हात बसला होता. म्हटलं, आता खरं काम! जसोदाला केळीच्या बागेपाशी उभं करायचं. पण तिथं तोंडावर ऊन नीट येतं की नाही, हे बघायला नको? म्हणून तिच्या जागेवर मी उभी राहिले आणि डबा तिच्या हातात दिला. नुसतं बारीतून बघायला!

"मोठी माय, तोंडवर उजेड चांगला शे."

"डबा पोटले लाव! वाकडा धरी ऱ्हायनी तू!"

"लावना शे."

"श्वास रोख! आनि सरक मांगे! सहा हात म्हनं ना मी? हाई काय सहा हात शे का? तुन्हा आजाना हात मोजी ऱ्हायनी का?" वाऱ्यानं माझा पदर खांद्यावर आला, हातात गाय हाकलायची काठी, ती मी वर केली...

खट्!

"जसोदे! काय कयं तू?"

"काही नही. खटका दाबाई गया."

दाबला गेला म्हणे! हा सहावा असा वाया गेला. मी कपाळावर हात मारला आणि डबा हिसकून घेतला.

सातवा मात्र... काय सांगू! हिरवं लुगडं, केळीची पानं, जसोदाचं तोंड सकाळच्या उन्हात लोण्यासारखं. सूर्य माझ्या पाठीवर. सहा हात, ना एक बोट जास्त, ना कमी. मी श्वास असा रोखला, की कानात घंटा वाजायला लागल्या. खट्! असा फोटो विलायतेतसुद्धा निघाला नसेल!

किल्ली फिरवली. लाल काचेत आठवा आकडा आला. लगेच कौसाबाई जवळ सरकली.

"बाई, एक उरना शे. मन्ही कमलीना काढी टाक. तो बी खापरले धाडी देऊ, सोबत!"

सोबत! माझ्या डब्यातून, माझ्या पाकिटातून, माझ्या नातीच्या शेजारी बसून कमली खापरला जाणार! माझ्या जिभेवर चार शब्द आले होते. मी तीन गिळले.

"कौसा, कनगी कधी रिकामी करतस का? मूठभर दाना ठेवतस ना बुडले? हाऊ एक बरकतना!"

खरंच आहे, आमच्यात धान्याची कणगी तळापर्यंत खरवडत नाहीत. मूठभर दाणे राहू देतात, म्हणजे घरात धान्य येत राहतं. फोटोचंही तेच. आठवा राहू दिला, की पुढं लग्नाचे फोटो, बारशाचे फोटो, निघतच राहतील!

तेवढ्यात रस्त्यावर भिलाची मोटर भोंगा वाजवायला लागली. भिला म्हणजे नंदुरबारच्या मोटरचा डायव्हर. गुंडाळी त्याच्याबरोबर फोटोवाल्याकडं जायची होती. मी घाईनं ओट्यावर बसले. आठवा काढल्यावर किल्ली सैल होईपर्यंत फिरवायची, असं जावयांनी सांगितलं होतं. पण आठवा मी काढलाच नव्हता! मग कशाला फिरवायची? मी डबा उघडला.

आणि खरं सांगते, मला राहवलं नाही. जसोदा आत कशी दिसते? सरळ आलीय की बैलांसारखी उलटी? कागदाचं टोक धरून मी थोडंसं ओढलं. आत एक गुळगुळीत पट्टी, दुधावरच्या सायीच्या रंगाची. जसोदा कुठंच नाही! पट्टी उन्हाकडं धरली, बोट फिरवून पाहिलं, वास घेतला. म्हटलं, अजून उगवायची असेल. पेरल्या दिवशी कणीस कुठं दिसतं? परत घट्ट गुंडाळली, दोरा बांधला.

"जसोदे, फोटोवाल्याले चिठ्ठी लिख!" मी दुसरीपर्यंत शिकले, ती चौथीपर्यंत. मी सांगितलं, तिनं लिहिलं: 'फोटो आठ नसून सात आहेत. ज्यात एकच बाई आहे, जिचं डोकं आणि पाय दोन्ही शाबूत आहेत आणि जिचं तोंड स्वच्छ ओळखू येतं, तो एकच फोटो छापावा आणि वेळ न घालवता थेट खापरला हिंमतराव पाटलांना पाठवावा.' एक गोष्ट सुटू दिली असेल तर शपथ!

गुरुवारी भिलानं पुडकं आणून दिलं. आत काळसर पट्ट्या आणि फोटोवाल्याची चिठ्ठी. जसोदा मोठ्यानं वाचायला लागली.

'पहिल्यात गाईचं नाक आहे असं वाटतं. सातवा फोटो पूर्ण जळाला. गुंडाळी उन्हात उघडली होती काय? आतले बचावले. तुमच्या चिठ्ठीतल्या सगळ्या अटींत एकच फोटो बसला, तो सहावा. फार स्वच्छ आला आहे. कालच खापरला रवाना केला.'

"सहावा कोन्हा व्हता?" मुलानं विचारलं.

मी पट्टी उन्हाकडं धरली. पट्टीत सगळं उलट्या रंगाचं असतं, तरी मी मला ओळखलं! पदर खांद्यावर, काठी वर, आणि तोंडाचा आ असा पांढरा फटक, की आत कोणी कंदील लावलाय!

भिंतीवरून कौसाबाई हसली. नुसती हसली नाही, भिंत धरून हसली. "बाई, काळजी करू नको! नवरदेवना आजाले बायको शे का नही, तेवढं इचारी ले!"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मिटलं. कारण जसोदा उठून आत गेली होती. मी मागोमाग गेले. ती सूप घेऊन ज्वारी पाखडत बसली होती. पाखडलेलीच ज्वारी परत पाखडत होती.

"मी दुसरा काढसू," मी म्हटलं.

"गुंडाळी कोठे शे? सोमवारले तो जाई." सूप थांबलं. "मोठी माय, त्याले माले देखनं व्हतं. पन माले बी त्याले देखनं व्हतं."

मी दुसरं सूप घेतलं आणि तिच्याशेजारी बसून पाखडायला लागले. शुक्रवारभर मी कोणावर ओरडले नाही. सालदार गडी दोनदा येऊन विचारून गेला, बाईंना ताप आहे का?

शनिवारी मात्र म्हैस सुटली आणि माझं मौनही सुटलं. केळीच्या कोवळ्या रोपांत शिरली होती मेली! मी काठी घेऊन मागं धावले, पदर खांद्यावर, आणि तोंडाला येईल ते बोलत होते. तेवढ्यात फाटकाशी बैलांची छपरी दमणी थांबली. आतून फेटेवाले गृहस्थ उतरले. त्यांनी कोटाच्या खिशातून काहीतरी काढलं, त्याच्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, परत त्याच्याकडं पाहिलं आणि दमणीत वळून म्हणाले, "उतर रे, नवल! घर बरोबर शे!"

बायांनो, धरणी दुभंगावी म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं! मी पदर हनुवटीपर्यंत ओढला. पण आता झाकून उपयोग काय? दोन दिवस मी त्यांच्या खिशात उघडीच होते!

पाणी झालं, गूळ झाला. हिंमतराव ओसरीत बसले. मी दाराआड.

"पत्रमा कन्येनं वय सोळा लिखेल व्हतं," ते म्हणाले. गंभीरपणे म्हणाले हो! "फोटोवरथीन तसं वाटनं नही. म्हनीसन म्हटलं, समक्ष देखी येऊ."

माझा मुलगा त त प प करायला लागला. मग मीच दाराआडून सगळं सांगितलं. गाईचं नाक, कौसाबाईचा तवा, बरकतीचा आठवा, सगळं! सांगताना थांबता येईना. ओसरीतून आधी खोकल्याचा आवाज आला, मग गुदमरल्याचा, मग बाप-लेक दोघंही हसत सुटले.

जसोदा पोहे घेऊन बाहेर आली. मी फटीतून बघत होते. नवलनं तिच्याकडं पाहिलं. आणि ती? मान खाली घालायची सोडून तिनंही पाहिलं! पुरतं पाहिलं, सहा हातांवरून!

नवलनं फोटो हातात घेतला. "हा कोणी काढला?"

"मी," जसोदा म्हणाली.

"फार स्वच्छ आलाय. समोर एवढं वादळ... म्हणजे आजीबाई अशा उभ्या असताना, तुमचा हात जरासुद्धा हलला नाही?"

"नही," जसोदा म्हणाली. "सोळा वरीसनी सवय शे."

हिंमतरावांनी पोह्यांची बशी खाली ठेवली, कारण त्यांना ती धरवेना. तिथंच सुपारी फुटली. एकदा हसलेल्या माणसाला नाही म्हणता येत नाही, हे मी त्या दिवशी शिकले. कौसाबाई भिंतीपलीकडं इतकी गप्प होती, की मला तिचा जीव घाबरला की काय असं वाटलं. साखर मी स्वतः नेऊन दिली. दोनदा नेऊन दिली!

लग्न होऊन आता अडीच वर्षं झाली. तो फोटो हिंमतरावांनी काही परत दिला नाही. गेल्या महिन्यात मी खापरला गेले, तर तो काचेत बसवून लावलेला! मला बाई भरून आलं. फक्त एक कळेना, की बैठकीत पाहुण्यांसमोर लावायचा सोडून स्वयंपाकघरात, तेही जमिनीपासून दीड हातावर का लावलाय? विहीणबाईंना विचारलं, तर त्या भाजी ढवळायला लागल्या.

मग जसोदाचा मुलगा जेवायला बसला. सव्वा वर्षाचा आहे. वरणभाताचा घास तोंडात धरून बसला होता, गिळेना. जसोदानं त्याला उचलून फोटोसमोर बसवलं. त्यानं फोटो पाहिला, मग सहज मान वळवली, तर दारात मी उभी! त्यानं तोंडातला घास गिळला, पुढचा स्वतःच्या हातानं घेतला, तोही गिळला आणि ताटली पुसून काढली.

आणि मी अजून काही बोललेसुद्धा नव्हते हो!